संकटातल्या बेडकाचा उद्याचा नकाशा कसा करावा

संगणक सुरू करण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या बेडकाची अंडी कुठे असतात ते लिहा. साचलेल्या पाण्यात, वाहत्या ओढ्यात, पानावर, शेवाळात की मातीखाली? अंड्यातून टॅडपोल बाहेर येतो की थेट इवलासा बेडूक? टॅडपोल असेल तर त्याचे पाय फुटेपर्यंत पाणी किती आठवडे टिकावं लागतं? हवामानबदलामुळे उभयचरांची आढळक्षेत्रं कशी सरकतील याचे नकाशे मी बरीच वर्षं करते आहे, विद्यार्थ्यांकडून करूनही घेते. ज्याने हा कागद भरलेला नाही त्याचा नकाशा मी बघायलाच घेत नाही. सॉफ्टवेअरला तापमान आणि पाऊस कळतो, अंडी कळत नाहीत. ती तुम्हाला कळायला हवीत.

हे इतकं बजावून सांगायचं कारण म्हणजे या नकाशांवर आता खरे निर्णय होतात. जगातल्या ८,०११ उभयचर जातींचं मूल्यमापन २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार सुमारे ४१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. १९८० ते २००४ या काळात जातींची स्थिती खालावली ती मुख्यतः रोगामुळे आणि अधिवास तुटल्यामुळे. २००४ नंतर ज्यांची स्थिती खालावली, त्यांतल्या ३९ टक्के जातींच्या बाबतीत हवामानबदल हे मुख्य कारण ठरलं. कोणतं जंगल आधी वाचवायचं, कुठे पाणवठा राखायचा, कोणत्या जातीची बंदिस्त पैदास सुरू करायची, हे ठरवताना कुणीतरी तुमचा नकाशा टेबलावर पसरणार आहे. तो चुकला तर पैसा आणि वर्षं भलत्याच डोंगरावर खर्च होतील, आणि इतक्या थोड्या उरलेल्या जातीला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

कागदावर काय उतरवायचं

उभयचरांची त्वचा ओलसर असते, तिच्यातून पाणी आत-बाहेर होतं आणि श्वासही घेतला जातो. सॅलमँडरांच्या सगळ्यांत मोठ्या कुळातल्या जातींना तर फुप्फुसंच नसतात, त्यांचा सगळा श्वास त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून चालतो. म्हणून या प्राण्यांच्या बाबतीत उष्णता आणि कोरडेपणा ही दोन वेगळी संकटं मानू नका. गरम पण दमट रात्री बेडूक हिंडू शकतो. तेवढ्याच गरम पण कोरड्या रात्री त्याला दडून राहावं लागतं. मग खाणं नाही, जोडीदार नाही, आणि सरकणंही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या कॉझिअस्को परिसरातला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कॉरोबोरी बेडूक घ्या. तो साधारण १,३०० मीटरच्या वर राहतो. उन्हाळ्यात मादी डबक्याच्या काठाशी ओल्या शेवाळात अंडी घालते. भ्रूण वाढतो आणि मग अंड्यातच थांबून राहतो. पुढच्या थंड ऋतूतल्या पावसाने घरटं बुडालं की टॅडपोल बाहेर पडतो. अशा जातीसाठी 'वार्षिक पाऊस' हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला आणि तो महिनाभर उशिरा आला, तर नकाशा हिरवा दिसेल आणि अंडी वाळलेली असतील. याउलट प्वेर्तो रिकोच्या कोकी बेडकाच्या अंड्यातून सरळ छोटा बेडूकच निघतो. त्याला डबकं लागत नाही, ओलसर पालापाचोळा लागतो. या दोघांसाठी तीच चलं (म्हणजे तापमान-पावसाचे तेच आकडे) वापरणारा माणूस बेडकांबद्दल काहीच सांगत नसतो.

तिसरं उदाहरण टांझानियातल्या किहान्सी धबधब्याचं. तिथला चिमुकला तुषार-टोड (टोड म्हणजे खरखरीत त्वचेचा बेडूक) सुमारे दोन हेक्टर जागेत राहत होता आणि ती जागा धबधब्याच्या तुषारांनी सतत भिजलेली असे. २००० साली धरणाने बहुतेक पाणी वळवलं, तुषार थांबले, आणि २००९मध्ये ही जात निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. हा ऱ्हास हवामानबदलाचा नाही. मी तो प्रत्येक वर्गात सांगते, कारण त्या दऱ्याखोऱ्यातल्या हवामानाच्या कुठल्याही नकाशावर त्या वर्षी काहीही बदललेलं दिसलं नसतं. तुमच्या जातीचं असं काही आहे का, ते कागदावर आधी यायला हवं.

प्रत्येक ओळीपुढे मग लिहा: ही गरज हवामानाच्या कोणत्या आकड्यातून दिसू शकते? ज्या ओळीपुढे उत्तर नाही, तिथे ठळक खूण करा. त्या खुणा अंतिम नकाशाखाली छापायच्या आहेत.

नोंदी एकेक करून तपासा

माझा सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, आणि तुमचाही जायला हवा. जीबिफसारख्या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक भांडारातून एका झटक्यात शेकडो नोंदी उतरवता येतात. त्या तशाच मॉडेलमध्ये, म्हणजे नोंदींच्या जागांवरून जातीला कसलं हवामान सोसतं ते शिकणाऱ्या गणितात, ओतू नका.

संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवर बहुतेक वेळा फक्त गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव असतं. अक्षांश-रेखांश नंतर कुणीतरी भरलेले असतात आणि पुष्कळदा तो त्या जिल्ह्याचा मध्यबिंदू असतो. नोंदीसोबत स्थानाची अनिश्चितता किती मीटर, याचा रकाना असतो. तो रिकामा असेल तर नोंद संशयित धरा. काही बिंदू थेट संग्रहालयाच्या इमारतीवर पडतात, काही समुद्रात. हे सोपे, लगेच दिसतात.

न दिसणारी अडचण संकटग्रस्त जातींचीच असते. लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात त्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर अशा जातींची जागा मुद्दाम लपवली जाते, म्हणजे शिकारी आणि विक्रेते तिथे पोहोचू नयेत. खरा बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी फेकलेला असतो, आणि विषुववृत्तापाशी त्या चौकोनाची बाजू सुमारे २२ किलोमीटर भरते. सपाट मैदानात हे एक वेळ चालेल. डोंगराळ भागात त्याच चौकोनात माथाही असतो आणि तळातली गरम दरीही. मॉडेल मग निमूटपणे शिकतं की हा बेडूक दरीतल्या उष्णतेतही राहतो, आणि भविष्यातला धोका कमी दाखवतं. म्हणजे ज्या जातीची सगळ्यांत जास्त काळजी घ्यायला हवी, तिच्याबद्दलच खोटा दिलासा मिळतो.

उपाय सरळ आहे. प्रत्येक बिंदूची उंची काढा आणि त्या जातीच्या माहीत असलेल्या उंचीच्या पट्ट्याशी ताडून पाहा. न जुळणारा बिंदू का जुळत नाही, याचा शोध घ्या. ज्यांनी नोंदी केल्या त्यांना लिहून खरे बिंदू मागा. बहुतेक जण देतात, विश्वास वाटला तर.

नावाकडेही लक्ष असू द्या. पश्चिम घाटातल्या झुडुपी बेडकांसारख्या गटांत गेल्या दोन दशकांत एका जुन्या नावातून अनेक जाती वेगळ्या निघाल्या आहेत. जुन्या नावाखालच्या सगळ्या नोंदी एकत्र घेतल्या तर तुम्ही तीन-चार डोंगरांवरच्या वेगवेगळ्या बेडकांचं हवामान एका बेडकाच्या नावावर टाकाल. तो कागदावर फार सोशीक दिसेल, आणि असा बेडूक कुठेच नसेल.

त्यानंतर हवामानाच्या आकड्यांच्या एका चौकोनात एकच नोंद ठेवा. माणसं रस्त्याच्या कडेने आणि संशोधन केंद्राच्या आसपास जास्त शोधतात, त्यामुळे मॉडेल बेडकाऐवजी रस्ते शिकू शकतं. यावर चांगला मार्ग म्हणजे तुलनेसाठी घ्यायचे पार्श्वभूमीचे बिंदू त्याच प्रदेशातल्या सगळ्या उभयचरांच्या नोंदींमधून उचलायचे. शोधणाऱ्यांचा कल मग दोन्ही बाजूंना सारखा येतो.

नोंदी किती हव्यात? दहा-पंधरा असतील तर एकेक नोंद बाजूला ठेवून उरलेल्यांवर मॉडेल उभं करा आणि बाजूला ठेवलेली जागा त्याला ओळखता येते का ते पाहा. त्याहून कमी असतील तर माझा सल्ला आहे की मॉडेल करूच नका. आंबोलीचा टोड २००९ साली वेगळी जात म्हणून नोंदला गेला, तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि जांभ्या खडकाच्या सड्यावर पावसाने भरणाऱ्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते. अशा जातीच्या मूठभर बिंदूंवर चालवलेलं मॉडेल त्या डोंगराचं हवामान शिकेल. त्या टोडला बांधून ठेवणारा खडक त्याला दिसणारच नाही. इथे डबकं किती दिवस भरलेलं राहतं हे दर पावसाळ्यात मोजणं कुठल्याही रंगीत नकाशापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

हवामानाची चलं

वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-संचात १९ जैव-हवामान चलं मिळतात, १९७० ते २००० या काळाची सरासरी, सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनांत. एकोणीसच्या एकोणीस घालण्याचा मोह आवरा. तुमच्या कागदावरच्या गरजांशी जुळणारी चार ते सहा पुरेत: सगळ्यांत उष्ण महिन्याचं कमाल तापमान, सगळ्यांत कोरड्या तिमाहीचा पाऊस, पावसाचा हंगामीपणा, अशी. दोन चलांमधला सहसंबंध ०.७च्या वर गेला तर त्यातलं एक ठेवा, आणि कोणतं ठेवायचं ते बेडकाच्या जगण्यावरून ठरवा.

आठवं, नववं, अठरावं आणि एकोणिसावं चल मी वापरत नाही. त्यांत तापमान आणि पाऊस एकमेकांत गुंफलेले असतात, जसं 'सगळ्यांत ओल्या तिमाहीचं तापमान'. शेजारच्या दोन चौकोनांत ओली तिमाही वेगळी निघाली की आकडा एकदम उडी मारतो आणि नकाशावर गोधडीसारखी शिवण दिसते. निसर्गात तिथे कसलीही सीमा नसते. हे चल पडद्यावर उघडून एकदा स्वतः पाहा, मग पटवून द्यावं लागत नाही.

भविष्यासाठी एकच हवामान-मॉडेल कधीही वापरू नका. पाच-सहा घ्या आणि हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या निदान दोन संभाव्य वाटा घ्या, एक मधली आणि एक जास्त उत्सर्जनाची. फक्त सगळ्यांत भीषण वाट दाखवली की बातमी मोठी होते, पण निर्णय घेणाऱ्याला त्यातून निवड करता येत नाही. तापमान वाढणार याबद्दल सगळी मॉडेल्स एकमताची असतात. पावसाबद्दल मात्र पुष्कळ प्रदेशांत एक म्हणतं वाढेल, दुसरं म्हणतं घटेल. उभयचरांसाठी पाऊसच कळीचा, म्हणून सरासरी काढून हा मतभेद पुसून टाकू नका. किती मॉडेल्स सहमत आहेत, त्याचाच एक नकाशा करा.

मॉडेल

असे नकाशे करणारं मॅक्सेंट हे सॉफ्टवेअर घ्या किंवा दुसरं काही, सूचना-पुस्तिका सगळ्यांच्या चांगल्या आहेत. मी दोनच गोष्टींवर अडून बसते.

पहिली: जातीचं पूर्ण आढळक्षेत्र घ्या, एका देशापुरतं कापलेलं नको. बेडकाच्या क्षेत्राची गरम कड सीमेपलीकडे असेल आणि तुम्ही फक्त अलीकडच्या नोंदी घेतल्या, तर मॉडेलला वाटेल की त्याला एवढी उष्णता सोसतच नाही. प्रतिसादाचा आलेख, म्हणजे चल बदललं की जागेची सोय कशी बदलते ती रेघ, उघडून पाहा. रेघ वर चढत असतानाच विदा (तुमच्याकडची आकडेवारी) संपला असेल, तर त्या पलीकडे मॉडेल काय सांगतं ते निव्वळ अंदाज आहे.

दुसरी: चाचणीसाठी बिंदू यादृच्छिक काढू नका, प्रदेशाचे तुकडे पाडून एकेक तुकडा बाजूला ठेवा. शेजारचा बिंदू ओळखणं सोपं असतं, त्यातून एयूसीचा, म्हणजे मॉडेल किती अचूक ओळखतं ते सांगणारा, एकपर्यंत जाणारा आकडा फुगतो. तो ०.९५ आला म्हणून मला कुणी नकाशा दाखवायला आलं तर मी आधी विचारते की पार्श्वभूमी किती मोठी घेतली होती. अख्खा खंड घेतला तर पर्वतावरचा बेडूक वाळवंटात नसतो एवढंच सिद्ध होतं. जिथवर ही जात आजवर पोहोचू शकली असती, तेवढाच भाग घ्या.

आणि भविष्यातलं हवामान जिथे आजच्या विदाच्या मर्यादेबाहेर जातं, तो भाग वेगळ्या रेघांनी झाका. तिथे रंग भरू नका.

पोहोचेल का?

आता खरी अडचण. मॉडेल सांगतं की उद्या सोयीचं हवामान कुठे असेल. बेडूक तिथे जाईल, असं ते म्हणत नाही. युरोपातल्या उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर २००६ साली असा अभ्यास झाला. प्राणी कुठेही पोहोचू शकतात असं धरलं तर बहुतेक जातींचं क्षेत्र वाढताना दिसलं. ते जागचे हलू शकत नाहीत असं धरलं तर बहुतेकांचं आक्रसलं. विदा तोच, मॉडेल तीच, आणि एका गृहीतकाने उत्तर उलटं झालं. म्हणून दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी, एकाच आकारात छापा. एकच छापणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

चढणीचा हिशेब पाटीवरही करता येतो. दर १०० मीटर उंचीला तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं, म्हणजे दोन अंशांची वाढ भरून काढायला सुमारे ३०० मीटर वर जावं लागतं. मादागास्करच्या त्सारातानाना पर्वतावर १९९३ ते २००३ या दहा वर्षांत उभयचर आणि सरपटणाऱ्या ३० जाती सरासरी १९ ते ५१ मीटर वर सरकलेल्या आढळल्या. तुमच्या जातीच्या वर किती मीटर डोंगर शिल्लक आहे? वर जाताना जागाही कमी होत जाते, कारण डोंगर निमुळता होतो. माथ्यावरच राहणाऱ्या जातीला वर काहीच नसतं.

पेरूच्या विल्कानोटा पर्वतरांगेत हिमनद्या मागे हटल्या आणि नवी डबकी तयार झाली. बेडूक आणि टोड तिथे वर चढले, एक जात तर ५,४०० मीटरवर सापडली. हे ऐकून आनंद वाटतो. पण उभयचरांच्या त्वचेला जीवघेणा रोग करणारी कायट्रिड बुरशीही त्यांच्यासोबत तिथवर पोहोचली होती.

या बुरशीला नकाशात स्वतंत्र जागा द्या. तिची वाढ साधारण १७ ते २५ अंश सेल्सिअसला सगळ्यांत जोमाने होते. त्यामुळे गरम सखल भागात तापमान वाढलं तर बेडकाला थोडा दिलासा मिळू शकतो आणि थंड डोंगरावर तेवढ्याच वाढीने रोग बळावू शकतो. तुम्ही ज्याला 'आसरा' म्हणून रंगवलंत तो भाग या पट्ट्यात येतो का, हे तपासल्याशिवाय तो शब्द वापरू नका.

कारण जोडण्याची घाईही नको. कोस्टा रिकातल्या मोन्तेव्हेर्देचा सोनेरी टोड १९८७ साली शेवटचा मोठ्या संख्येने विणीला आला, १९८९मध्ये एकच नर दिसला, आणि मग कधीच नाही. १९९९ साली अशी मांडणी झाली की तापमानवाढीने ढगांची पातळी वर गेली आणि जंगल कोरडं पडलं. २०१०मध्ये तिथल्या झाडांच्या लाकडातल्या समस्थानिकांवरून दिसलं की १९८६-८७चा कोरडेपणा एल निनोचा होता आणि नैसर्गिक चढउतारांत बसणारा होता. कायट्रिडचा संशय तर आहेच. ही इतकी अभ्यासलेली जात, तरी कारणाचा वाद मिटायला दशकं लागली. दोन नकाशे एकमेकांवर ठेवून रंग जुळले म्हणजे कारण सापडलं, असं लिहू नका.

बेडकाच्या उंचीवरचं हवामान

वर्ल्डक्लिमचं तापमान हवामान-केंद्राच्या पेटीतलं, माणसाच्या छातीच्या उंचीवरचं. बेडूक ओंडक्याखाली असतो, झाडाच्या ढोलीत असतो, देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर मातीत असतो. तिथे दुपारच्या काहिलीची धार बरीच बोथट होते. छोटे तापमान-आर्द्रता नोंदक घेऊन ओंडक्याखाली, पाचोळ्यात आणि उघड्यावर ठेवा, निदान एक पूर्ण वर्ष. उष्णतेच्या लाटेत या तीन रेघांमधलं अंतर किती राहतं, तेच तुमच्या नकाशाचं खरं परिशिष्ट.

२०२५ साली ५,२०३ उभयचर जातींच्या उष्णता सोसण्याच्या मर्यादा अशा सूक्ष्म हवामानाशी ताडून पाहिल्या गेल्या. जमिनीवर सावलीत राहूनही १०४ जाती आजच कुठे ना कुठे मर्यादेबाहेरच्या उष्णतेला सामोऱ्या जातात. चार अंशांच्या वाढीत ही संख्या ३९१ होते. म्हणजे सावली पुष्कळांना तारते. म्हणूनच सावली देणारं जंगल तोडलं तर वरची सगळी गणितं कोसळतात.

टक्केवारी देताना

'२०७०पर्यंत ६० टक्के क्षेत्र घटेल' असं वाक्य लिहून थेट 'संकटग्रस्त' हा शिक्का मारायची पद्धत पडली आहे. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीचा संख्या घटण्याचा निकष दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल त्यावर चालतो. तीन वर्षांची पिढी असलेल्या बेडकासाठी तो काळ दहा वर्षंच आहे. २०७०चा आकडा त्यात बसत नाही. तसंच मॉडेलने रंगवलेलं सोयीचं क्षेत्र म्हणजे आढळाचा विस्तार नव्हे. तो प्रत्यक्ष नोंदींभोवती बहुभुज काढून मोजतात, आणि इतर अटींसोबत तो १०० चौरस किलोमीटरच्या आत आला तर जात अतिसंकटग्रस्त ठरू शकते. दोन्ही आकडे द्या, पण वेगवेगळ्या नावांनी.

नकाशा वनाधिकाऱ्यांच्या हाती देताना रंगपट्टीसोबत जागांची साधी यादी द्या. सगळ्या मॉडेल्समध्ये टिकणाऱ्या, आजही बेडूक असलेल्या जागा सर्वांत वर. त्यांना जोडणाऱ्या ओल्या वाटा त्यानंतर. मॉडेल म्हणतं सोयीचं, पण बेडूक कधी नोंदलाच नाही, अशा जागा तिसऱ्या. तिथे विणीच्या हंगामात रात्री जाऊन आवाज ऐका, ध्वनिमुद्रक लावा, आणि नाही सापडला तर 'नाही' ही नोंदही तारखेसह ठेवा, पुढच्या मॉडेलला ती लागेल. प्रसिद्ध करायच्या प्रतीत मात्र चौकोन मोठे करा आणि बिंदू काढून टाका. ज्यांनी तुम्हाला खरे अक्षांश-रेखांश दिले, त्यांना छापण्याआधी तो नकाशा दाखवा.